जूनची उधारी एप्रिलमध्येच मोडा

भांडुपहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देते.

"आम्ही मूळचे लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातले. मी इथे एका कंपनीच्या स्टोअर्समध्ये कामाला आहे. गावी सहा एकर सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी. शेती धाकटा भाऊ बघतो. मृगाचा पाऊस झाला की त्याचा फोन येतो, 'दादा, खताला पैसे पाठव.' गेल्या वर्षी खत-तणनाशकाचं बिल ४२ हजार झालं. मी १५ पाठवले, २७ हजार दुकानात उधार राहिले, शेकडा दोन रुपयांनी. सोयाबीन विकून नोव्हेंबरमध्ये फेडले. युरियाच्या सहा बॅगा हव्या होत्या, तर सोबत अडीच हजारांच्या कसल्याशा द्रवखताच्या बाटल्या गळ्यात मारल्या. ३,२०० रुपयांचं क्विझालोफॉप हे तणनाशक माळ्यावर पडून आहे, भाऊ म्हणतो त्याने केना हे तण मेलंच नाही. भाऊ फसतोय की मला फसवतोय, कळत नाही. खत आणि तणनाशक सर्वांत स्वस्त कोणत्या महिन्यात मिळतं? एकदमच घेऊन ठेवावं का?"

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा हिशेबासाठी आणि एकदा त्या 'मला फसवतोय' या शब्दांसाठी. बिलाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, कारण त्यावरून मी खात्रीने सांगू शकते की भाऊ तुम्हाला फसवत नाही. बाहेर वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येऊ घातलेला, पेरणीयंत्राचा नंबर उद्यावर आलेला, हातात निम्मेच पैसे आणि समोर दुकानदार. अशा वेळी जे मिळेल, ज्या भावाने मिळेल, ते घेऊन माणूस घरी येतो. तुम्ही त्याच्या जागी असता तर तुमचंही बिल असंच आलं असतं.

आता आकडे. उधारीचं व्याज २७ हजारांवर महिना ५४० रुपये, पाच महिन्यांचे २,७०० झाले. गळ्यात मारलेल्या बाटल्या २,५००. माळ्यावरचं तणनाशक ३,२००. मिळून ८,४०० रुपये, म्हणजे तुमच्या बिलाच्या पाचव्या हिश्शाइतकी रक्कम. यातला एक रुपयाही बाजारभाव चढल्यामुळे गेलेला नाही. पैसे उशिरा पोचले आणि सगळी खरेदी एकाच दिवशी झाली म्हणून गेला. तुम्ही स्वस्त महिना विचारताय, आणि माझं म्हणणं असं की महिना आधी तुमच्या पगारखात्यातला बदलायला हवा.

तरी महिन्याच्या प्रश्नाचंही नीट उत्तर देते, कारण खत आणि तणनाशक एकाच काउंटरवर मिळत असले तरी त्यांचे भाव वेगवेगळ्या रीतीने ठरतात.

युरियापासून सुरू करू. चेंबूरहून ट्रॉम्बेकडे जाताना आरसीएफचा कारखाना तुम्ही पाहिला असेल, मोनोरेलचं एक स्थानकच 'फर्टिलायझर टाउनशिप' नावाचं आहे. तिथे नैसर्गिक वायूपासून युरिया बनतो. वायू महाग झाला तर तो बनवायचा खर्च वाढतो, पण शेतकऱ्याच्या बॅगेवरची किंमत हलत नाही, कारण ती केंद्र सरकार ठरवतं आणि फरक अनुदानातून भरला जातो. ४५ किलोची नीम-कोटेड बॅग २६६ रुपये ५० पैशांची. मार्चमध्येही तेवढीच आणि जुलैमध्येही तेवढीच. तेव्हा युरियात भावाची वाट पाहण्यासारखं काहीच नाही. प्रश्न फक्त तो दुकानात आहे की नाही, एवढाच. आणि तुमच्या बिलात युरियाच्या सहा बॅगा होतात १,५९९ रुपयांच्या. तेवढ्यासाठी अडीच हजारांच्या बाटल्या घ्याव्या लागल्या. हे वाचून मला फार वाईट वाटलं, कारण सोयाबीनला त्या युरियाची तशी गरजच नव्हती. ते पुढे सांगते.

डीएपी (नत्र आणि स्फुरद देणारं), पोटॅश (पालाश देणारं) आणि १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाश त्या टक्केवारीत देणारं) यांचं गणित निराळं. यांना २०१० पासून अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आहे. खरिपाचे अनुदानाचे दर १ एप्रिलपासून आणि रब्बीचे १ ऑक्टोबरपासून लागू होतात. विक्रीची किंमत कंपन्या ठरवतात, म्हणून संयुक्त खतांच्या किमती बदलतात त्या बहुधा या दोन वळणांच्या आसपास. डीएपीची ५० किलोची बॅग सरकारने जादा मदत देऊन गेले काही हंगाम १,३५० रुपयांवर धरून ठेवली आहे. यात आपल्या हाताबाहेरचं खूप आहे. पोटॅश जवळपास सगळं परदेशातून येतं, डीएपी आणि त्याचा कच्चा मालही मोठ्या प्रमाणात येतो, आणि चीनने निर्यात आवळली की इथे दुकानासमोर रांग लागते. २०२१ च्या मे महिन्यात डीएपी इतकं भडकलं होतं की सरकारला अनुदान बॅगमागे ५०० वरून १,२०० रुपये करावं लागलं. असल्या चढउतारांचा अंदाज मला बांधता येत नाही, तुमच्या भावालाही येणार नाही, त्याच्या मागे लागू नका. दुकानात जुन्या छापील किमतीची बॅग शिल्लक असेल तर ती त्याच किमतीला मिळाली पाहिजे, एवढं मात्र एप्रिल-मे मध्ये जरूर बघा.

तणनाशकाचा भाव कुणी बांधून दिलेला नाही. त्यावर १८ टक्के जीएसटी आहे, खतावर ५. बाटलीवरची छापील किंमत आणि रोखीने मिळणारी किंमत यांत बरंच अंतर असतं, आणि खरी घासाघीस इथेच करता येते. हंगामाआधी, मार्च ते मे, कंपन्यांच्या बुकिंगच्या योजना चालू असतात, दुकानदारालाही रोख हवी असते. तेच जूनच्या तिसऱ्या आठवड्यात उधारीने मागितलं तर तो छापील किमतीच्या जवळ जाऊन बसतो. शिवाय एकच औषध दहा नावांनी विकलं जातं. नावाकडे पाहू नका, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं तांत्रिक नाव आणि टक्केवारी पाहा. 'इमॅझेथापायर १० टक्के एसएल' असं दोन बाटल्यांवर लिहिलेलं असेल तर दोन्हींत औषधाचं प्रमाण तेच आहे. इथे तुम्ही भावाला खरी मदत करू शकता. तुम्ही स्टोअर्समधले, दर मागवणं आणि कोटेशनं ताडून पाहणं तुमच्या हातचं काम. तीन-चार ठिकाणचे लिटरचे भाव ऑनलाइन बघून ठेवा, भावाला व्हॉट्सअॅपवर पाठवा, म्हणजे तो दुकानात आकडा घेऊन उभा राहील. पण मुंबईतून बाटल्या विकत घेऊन लातूर एक्सप्रेसने पिशवीतून नेऊ नका. ते विष आहे, डब्यात लेकरं असतात.

मग सगळं मे महिन्यातच भरून ठेवायचं का? नाही. याला माझ्या घरचा अनुभव आहे. आमच्या गावी एका वर्षी एप्रिलमध्ये दुकानदाराने बारा बाटल्यांवर मोठी सूट देऊ केली आणि आम्ही सोयाबीनच्या उभ्या पिकात मारायच्या तणनाशकाच्या बाराही बाटल्या उचलल्या. त्या वर्षी पाऊस जुलैच्या मध्यापर्यंत आला नाही. सोयाबीनची वेळ टळली, रानात दुसरं पीक गेलं, आणि त्या पिकात ते औषध चालत नव्हतं. पुढच्या वर्षी थोडं वापरलं, उरलेल्याची मुदत संपली. बंद बाटलीला साधारण दोन वर्षं मिळतात, पण सवलतीतल्या मालावर उत्पादनाची तारीख बहुधा मागची असते, हे तेव्हा आम्ही पाहिलंच नव्हतं. वडिलांनी ते पैसे सोसायटीच्या कर्जातून दिले होते. अजून आठवलं की घशाशी येतं.

त्यामुळे माझी रीत आता अशी आहे: जे हमखास लागणार ते आधी घ्यायचं, आणि जे पाऊस आणि तण पाहून ठरणार त्याचे फक्त पैसे आधी बाजूला काढून ठेवायचे. पेरणीबरोबर द्यायचं खत हमखास लागतं. ते एप्रिलअखेर ते मेच्या मध्यात, रोखीने. डीएपी आणि सुपर फॉस्फेट कोरड्या खोलीत लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून रचलं तर छान टिकतं. युरिया मात्र पावसाळी हवेत ओल ओढून दगड होतो, तो लागेल तेवढाच घरात ठेवावा.

उगवणीपूर्वीचं तणनाशक, म्हणजे पेंडीमिथॅलीनसारखं, हेही आधी घेतलेलं बरं. ते पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, उगवण व्हायच्या आधी, ओल्या जमिनीवर मारावं लागतं. त्या दोन दिवसांत तालुक्याला जाऊन गर्दीत उभं राहण्यात वेळ गेला की औषध हुकलं. उभ्या पिकातलं तणनाशक मात्र पेरणीनंतर बारा-पंधरा दिवसांनी रानात फेरी मारूनच घ्यावं. तुमच्या माळ्यावरच्या बाटल्या याच चुकीच्या आहेत. क्विझालोफॉप फक्त गवतवर्गीय तणावर चालतं. केना, कुंजरू, माठ यांना त्याने काही होत नाही, लव्हाळ्यालाही नाही. औषध खोटं नव्हतं. तण कोणतं आहे हे दिसायच्या आधी जूनमध्येच ते घेतलं गेलं, हे चुकलं. इमॅझेथापायर बऱ्याच रुंद पानांच्या तणांवर आणि काही गवतांवर चालतं, पण तण दोन ते चार पानांचं कोवळं असतानाच. मोठ्या केन्यावर मारलं तर पैसे वाया. त्याचा अंश जमिनीत काही महिने राहतो, म्हणून रब्बीत कोणतं पीक घ्यायचं ते आधी ठरवा. तुमच्या रानात तूर आहे, तेव्हा कोणतंही तणनाशक घेताना बाटलीसोबतच्या पत्रकावर तुरीचं नाव आहे का ते वाचून घ्या. नसेल तर तुरीच्या ओळी वाचवून मारायला लागेल, किंवा सरळ कोळपं, म्हणजे ओळींमधलं तण काढायचं अवजार, घाला. पंधरा-वीस दिवसांनी आणि मग तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी अशा दोन कोळपण्या वेळेवर झाल्या तर दुसऱ्या फवारणीची गरज बऱ्याचदा पडत नाही. आणि माळ्यावरच्या बाटल्या फेकू नका. मुदत पाहा. असेल तर ज्या पट्ट्यात नुसतं गवत आहे तिथे या वर्षी वापरा. तोवर त्या माळ्यावरून काढून कुलपाच्या पेटीत ठेवा, धान्यापासून आणि मुलांपासून लांब.

आता ज्या खतांवर तुमचा सर्वांत मोठा खर्च झाला त्याकडे येते. बिलात १०:२६:२६ च्या बारा बॅगा दिसतात, म्हणजे एकरी दोन. मराठवाड्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाची सोयाबीनची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधक अशी आहे. एकरी धरली तर १२, २४, १२ आणि ८. तुमच्या दोन बॅगांतून पालाश गेलं २६ किलो, शिफारशीच्या दुपटीहून जास्त. मराठवाड्याच्या काळ्या रानात पालाश बहुधा मुळातच भरपूर असतं. गंधक मात्र त्यातून काहीच गेलं नाही, आणि सोयाबीन तेलबिया असल्यामुळे तिला ते हवंच असतं.

एकरी डीएपीची एक बॅग दिली तर ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद जातं. सहा एकरांचे ८,१०० रुपये. डीएपी मिळालं नाही तर रांगेत दिवस घालवू नका, एकरी सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन बॅगा आणि पेरणीबरोबरच्या नत्रासाठी २६ किलो युरिया द्या. त्यातून १२ किलो नत्र, २४ किलो स्फुरद आणि वर साडेसोळा किलो गंधक जातं. स्वस्त कोणतं, ते असं ताडा. डीएपीच्या बॅगेतलं ९ किलो नत्र युरियाच्या भावाने धरलं तर जेमतेम ११५ रुपयांचं. म्हणजे उरलेले १,२३५ रुपये २३ किलो स्फुरदाचे, किलोला ५४ च्या आत. सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या बॅगेत ८ किलो स्फुरद असतं. त्या हिशेबाने बॅग ४३० रुपयांपर्यंत मिळाली तर ती डीएपीच्या बरोबरीची झाली, आणि गंधक फुकट. त्याहून थोडी महाग असली तरी गंधकासाठी मी ती घेईन. फक्त बॅगा तिप्पट होतात, गाडीभाडं आणि हमाली जमेस धरा.

पोटॅश घ्यायचं की नाही हे माती परीक्षणावर सोडा. रान आत्ता मोकळं आहे. भावाला सांगा, नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचे वीतभर खड्डे घ्यायचे, एका बाजूची माती खरवडून एकत्र करायची, त्यातली अर्धा किलो पिशवीत भरायची. बांधाजवळची, झाडाखालची आणि उकिरड्याच्या जागेची नको. जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात द्या. आत्ता दिली तर खरेदीआधी अहवाल हातात येईल, मे अखेर दिली तर तो पेरणीनंतर येईल आणि कपाटात पडेल.

युरियाचं सांगायचं राहिलं होतं. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात. बियाण्याला रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत चोळून पेरलं तर वरून युरिया टाकायची गरज पडत नाही. जुलैत पानं पिवळी पडली की सगळे युरिया फेकतात, पण चुनखडीच्या रानात तो पिवळेपणा बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेचा असतो. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर तेच समजा. त्याला युरिया हे औषध नव्हे.

खतासोबत जबरदस्तीने दुसरा माल देणं, ज्याला दुकानात 'लिंकिंग' म्हणतात, ते नियमात बसत नाही. भावाने भांडावं असं मी म्हणत नाही, त्याला त्याच दुकानात पुन्हा जायचं असतं. पण पक्की पावती मागावी, तीत प्रत्येक वस्तू, बॅच नंबर आणि किंमत यावी. पावती हातात असेल तर तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरवरही विचारता येतं. कच्च्या चिठ्ठीवर काहीच होत नाही. आणि मे महिन्यात, रोख पैसे घेऊन, घाई नसलेल्या माणसाच्या गळ्यात बाटल्या मारणं दुकानदाराला जड जातं, हा अनुभव आहे. गावातल्या चार-पाच घरांनी मिळून गाडी भरली तर आणखीच.

पैसे आणायचे कुठून, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तोच खरा अडथळा असणार. सातबारा वडिलांच्या नावावर असेल तर विकास सोसायटी किंवा बँकेचं पीककर्ज काढलं आहे का, ते पाहा. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य टक्के पडतं. बिनव्याजी पैसा दारात असताना शेकडा दोनने उधारी हा अन्याय आपणच आपल्यावर करतो. कागद अडला असेल तर तुम्ही मेमध्ये चार दिवस रजा काढून गावी जा आणि तो सोडवा. दुसरं, तुमच्या पगारातून नोव्हेंबर ते एप्रिल महिना अडीच-तीन हजार वेगळ्या खात्यात टाका. या वर्षी ते झालेलं नाही, तर निदान जे १५ हजार तुम्ही जूनमध्ये पाठवणार होता ते एप्रिलअखेर पाठवा. तेवढ्यात डीएपी आणि पेंडीमिथॅलीन रोखीने येऊ शकेल. उधारी राहिलीच तर थोडी राहील, आणि दिवाळीच्या तोंडावर दुकानदाराचे पैसे द्यायचे म्हणून ओलं सोयाबीन मोंढ्यात नेऊन पडत्या भावाने घालायची वेळ येणार नाही. २०२५-२६ साठी हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. खरेदी केंद्र उघडेपर्यंत थांबायची ताकद उधारीवाल्याकडे नसते, आणि तिथे होणारं नुकसान व्याजापेक्षा मोठं असतं.

मुंबईतल्या पावसावरून गावच्या पेरणीची घाई करू नका, हेही सांगते. २०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मे रोजीच पोचला, एरवीची तारीख ११ जून. इथून गावोगाव फोन गेले, "पेरलं का?" औशाच्या रानात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून ओल खोल गेल्याशिवाय पेरणी नको, नाहीतर बियाणं आणि खत दोन्ही दुबार घ्यावं लागतं, आणि तो खर्च कुठल्याच सवलतीने भरून निघत नाही.

रब्बीत हरभरा घेणार असाल तर त्याचं डीएपी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच घेऊन ठेवा. खरिपाची मागणी तेव्हा ओसरलेली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये देशभर एकदम मागणी येते आणि २०२४ मध्ये तर कित्येक राज्यांत डीएपीसाठी रांगा लागल्या होत्या.

उद्या रात्री भावाला फोन कराल तेव्हा पैशांचा विषय शेवटी काढा. आधी त्याला विचारा, गेल्या वर्षी केना कुठल्या पट्ट्यात जास्त होता, आणि तो सांगेल ते वहीत लिहून घ्या.